वादळ-पुरानंतरची मदत मापात कशी करावी : कोकणातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

कोकणात वादळ किंवा पूर आला की पहिला दिवस गाव स्वतःच्या बळावर काढतं. वाडीतली पोरं कोयत्या-करवती घेऊन रस्ता मोकळा करतात, म्हाताऱ्या माणसांना उचलून शाळेत आणतात, कुणाच्या तरी चुलीवर सगळ्यांचा भात शिजतो. मुंबईच्या मंडळाचा ट्रक, तालुक्याची यंत्रणा, एखादी संस्था हे सगळं त्यानंतर पोहोचतं. या पावसाळ्यात ज्यांना पहिल्यांदाच निवारा केंद्र सांभाळायचं आहे किंवा मदतीचं सामान गोळा करायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मग ते गावातल्या बचत गटातले असोत, नाहीतर डोंबिवली-विरारला राहणारे चाकरमानी.

आपल्याकडे मदत करणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीत आणि २०२१ च्या पुरानंतर चिपळूण-महाडमध्ये माणसं अक्षरशः धावून आली. अडतं ते मापापाशी. किती माणसांना किती पाणी, किती जागा, किती संडास, किती तांदूळ हे आधी ठरलेलं नसलं की रस्त्यालगतच्या वाडीला तीनदा मिळतं आणि खाडीपलीकडच्या वाडीला एकदाही मिळत नाही. हे माप जगाने ठरवून ठेवलेलं आहे, आपल्या सरकारनेही ते स्वीकारलेलं आहे, आणि ते वापरायला कुठल्याही पदवीची गरज नाही.

माप आलं कुठून

१९९४ साली रवांडातल्या नरसंहारानंतर लाखो माणसं शेजारच्या देशांत पळाली. आताच्या काँगोतल्या गोमा इथल्या छावण्यांत कॉलरा पसरला आणि हजारो माणसं मेली. जगभरातल्या संस्था तिथे हजर होत्या, पण प्रत्येकीची कामाची रीत वेगळी आणि चांगलं काम कशाला म्हणायचं यावर एकमत नव्हतं. त्या अनुभवाचं परखड मूल्यमापन झालं. त्यानंतर १९९७ मध्ये रेडक्रॉस-रेडक्रिसेंट चळवळ आणि अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून ‘स्फिअर’ हा उपक्रम सुरू केला. त्याच्या हँडबुकची २०१८ ची आवृत्ती आज वापरात आहे. पाणी-स्वच्छता, अन्न-पोषण, निवारा आणि आरोग्य अशी त्यात चार मोठी प्रकरणं आहेत. त्यांच्या मुळाशी एकच भूमिका आहे : आपत्तीत सापडलेल्या माणसाला सन्मानाने जगण्याचा हक्क आहे आणि मदत हा त्या हक्काचाच भाग आहे.

आपल्याकडे २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. मदत छावणीतला निवारा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांची किमान मानकं ठरवण्याचं काम त्या कायद्याने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे दिलं. राज्यांनी आपली मानकं करावीत, पण ती राष्ट्रीय मानकांपेक्षा कमी नसावीत, हेही त्यात लिहिलं गेलं. त्यानुसार २०१६ मध्ये प्राधिकरणाने किमान मदतीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातले बरेच आकडे स्फिअरशी जुळतात, काही वेगळे आहेत.

दोन आकडे वेगळे दिसले की नवा माणूस गोंधळतो. राष्ट्रीय आकडा अधिकाऱ्यासमोर ठेवायचा, कारण तो आपल्याच यंत्रणेने मान्य केलेला आहे. स्फिअरचं हँडबुक आपलं काम तपासायला वापरायचं, कारण आकड्यामागचं कारण आणि परिस्थितीप्रमाणे करायचे बदल त्यात सविस्तर दिलेले आहेत.

पहिली पायरी : मे महिन्यात टेप घेऊन शाळेत जा

निवारा केंद्र म्हणजे बहुतेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा, समाजमंदिर नाहीतर देवळाचा सभामंडप. माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, हे माप स्फिअर आणि आपलं प्राधिकरण दोघांनाही मान्य आहे. आता वर्ग मोजा. सहा बाय सहा मीटरचा वर्ग असेल तर ३६ चौरस मीटर झाले. भागिले साडेतीन. म्हणजे दहा माणसं.

हा आकडा ऐकून माणसं चमकतात, कारण अशा एका वर्गात चाळीस जण बसलेले आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. वादळ डोक्यावर असताना चार-सहा तास चाळीस जण बसले तर त्यात चूक काहीच नाही, तेव्हा जीव वाचवणं एवढंच काम असतं. पण दुसऱ्या दिवशीही घरी जाता येत नसेल तर गर्दी फोडायलाच हवी. दाटीत झोपलेल्या माणसांत खोकला, खरूज, ताप पसरतो. कपडे बदलायला आडोसा मिळत नाही म्हणून बायका भिजल्या लुगड्यानिशी बसून राहतात. म्हणून शाळेत खरोखर किती माणसं मावतात हे मे महिन्यातच लिहून ठेवा आणि उरलेल्यांसाठी दुसरी जागा ठरवा. छत कौलारू की पत्र्याचं, तेही बघा. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी किनाऱ्यावर आलं तेव्हा घरांबरोबर शाळांचीही छपरं उडाली होती.

याच फेरीत वाडीवार यादी करा. घरं किती, माणसं किती, त्यात पाच वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, साठीपुढची माणसं, अपंग, रोज गोळी किंवा इन्सुलिन लागणारे किती. ही माहिती आशाताईंकडे आणि अंगणवाडीताईंकडे बरीचशी असते. त्यांना बरोबर घेतल्याशिवाय यादी पुरी होत नाही. मात्र ती गावभर फिरवू नका, आजारपणाची माहिती दोघा-तिघांपुरतीच ठेवा.

दुसरी पायरी : सामान मागवण्याआधी विचारा

संकट आलं की मुंबईहून पहिला फोन येतो, ‘काय पाठवू?’ आणि घाईत उत्तर जातं, ‘काहीही पाठवा.’ जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडतात ते यामुळेच. आधी एक दिवस विचारपूस करा. पारावर बसलेल्या पुरुषांना विचाराल तर रस्ता, वीज, पत्रे असं उत्तर मिळेल. विहिरीवर बायकांना विचाराल तर पाणी, संडास, सरपण, पॅड. दोन्ही उत्तरं खरी आहेत आणि दोन्ही लिहून घ्यायची आहेत.

संकटाप्रमाणे गरज बदलते, हेही ध्यानात घ्या. वादळात छप्पर जातं आणि नारळी-पोफळीची बाग आडवी होते. तिथे ताडपत्री, दोरी, कौलं, पत्रे, खिळे आणि लाकूड कापायची यंत्रं हवीत. वीज जाते म्हणून पंप बंद पडतो आणि विहिरीत पाणी असूनही घरात येत नाही. पुरात घर उभं राहतं पण आत गुडघाभर चिखल असतो. तिथे फावडी, घमेली, खराटे, गमबूट, हातमोजे आणि पाणी उपसायचे पंप लागतात. दरडीचं संकट आणखी निराळं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत डोंगर खाली आला, तेव्हा अनेक कुटुंबांकडे परत जायला घरच उरलं नाही. अशा वेळी आठवड्याचा निवारा पुरत नाही, महिन्यांचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो.

तिसरी पायरी : पाणी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. स्फिअरनुसार पिणं, रांधणं आणि अंगाची स्वच्छता मिळून माणशी रोज किमान १५ लिटर पाणी लागतं. प्राधिकरणाच्या तत्त्वांत पिण्यासाठी माणशी ३ लिटर आणि अंघोळ-संडासासाठी किमान १५ लिटर असं वेगळं मांडलंय. २०० माणसांच्या केंद्राला म्हणजे पिण्याचं ६०० लिटर आणि वापराचं ३,००० लिटर, रोज. बाटल्यांच्या खोक्यांवर हे भागत नाही, टाकी आणि टँकर लागतो. पाण्याची जागा ५०० मीटरच्या आत असावी आणि रांगेत अर्ध्या तासाहून जास्त थांबावं लागू नये. शिवाय घरटी १० ते २० लिटरची दोन भांडी द्या, एक आणायला आणि एक झाकून साठवायला. पाणी पोहोचलं पण घागर वाहून गेलेली, हे पुरानंतर हटकून घडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

पुराचं पाणी विहिरीत शिरलं असेल तर आधी उपसा करून गाळ काढायचा. गढूळ पाण्यात कितीही टीसीएल (म्हणजे ब्लीचिंग पावडर) टाकली तरी तिचा जोर गाळातच संपतो. पाणी निवळलं की हिशेब करा. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर धरा. निम्मा व्यास दीड मीटर. ३.१४ गुणिले दीड, गुणिले दीड, गुणिले ४, म्हणजे साधारण २८ घनमीटर, अर्थात २८,००० लिटर. हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम टीसीएल या हिशेबाने ७० ग्रॅम. हे किमान झालं, पुरानंतर जास्त लागू शकते. पावडर बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडायची आणि दोराने खालीवर करायची. तासाभराने जलसुरक्षकाकडून किंवा आरोग्य सेवकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातलं शिल्लक क्लोरीन रंगावरून ओळखण्याची चाचणी, करून घ्या. लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसायला हवं. पिवळा रंग आलाच नाही तर पुन्हा डोस. आपल्या दमट हवेत उघडी टीसीएल काही दिवसांत निकामी होते. म्हणून गेल्या वर्षीची अर्धी पिशवी भरवशाची नाही.

चौथी पायरी : संडास

याबद्दल बोलायला लाजतात, म्हणून मुद्दाम वेगळं लिहितो. राष्ट्रीय तत्त्वांनुसार ३० माणसांमागे एक संडास, बायका-मुलांसाठी वेगळी सोय, आणि अंतर ५० मीटरच्या आत. स्फिअर म्हणतं, अगदी सुरुवातीला ५० माणसांमागे एक चालेल, पण लवकरात लवकर २० माणसांमागे एकवर यावं. २०० माणसांना आपल्या हिशेबाने सात लागतात. शाळेत बहुधा दोन-तीनच असतात. आजूबाजूच्या घरांतले संडास वापरायला मिळतील का, हे मे महिन्यातच त्या घरांना विचारून ठेवा.

पुरुषांच्या एका संडासामागे बायकांचे तीन असावेत, असं स्फिअर सुचवतं. दाराला आतून कडी हवी. वाटेवर आणि आत रात्रभर उजेड हवा, वीज नसेल तर सौर कंदील. आत भिंतीला एक खिळा ठोका, पिशवी आणि पदर अडकवायला. पॅड टाकायला झाकणाचा डबा ठेवा. यातलं काही नसलं तर बायका अंधार पडल्यावर पाणी पिणं सोडतात आणि दोन दिवसांत आजारी पडतात. हे सगळं करायला खर्च जवळजवळ नाही. आधी सुचावं लागतं, इतकंच.

कोकणाची एक अडचण लक्षात ठेवा. शोषखड्डा पाण्याच्या जागेपासून किमान ३० मीटर लांब असावा असा दंडक आहे, पण भेगाळ खडकात हे अंतर वाढवावं असंही स्फिअर सांगतं. आपला जांभा तसाच आहे, त्यातून पाणी भराभर झिरपतं. खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नकोच. किनारपट्टीच्या पुळणीत पावसाळ्यात हातभर खणलं तरी पाणी लागतं, तिथे खड्ड्याऐवजी जोत्यावर उचललेला किंवा टाकीचा फिरता संडास मागा.

साबणाचं प्रमाण माणशी महिन्याला अंगाचा २५० ग्रॅम आणि कपड्यांचा २०० ग्रॅम. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोची, म्हणजे जखमेतून शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची भीती असते. जखम झाकायला सांगा, गमबूट द्या, आणि प्रतिबंधक गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारूनच वाटा.

पाचवी पायरी : धान्याचं किट हिशेबाने भरा

स्फिअरचं माप माणशी रोज २,१०० किलोकॅलरी आहे. आपल्या राष्ट्रीय तत्त्वांत मोठ्या माणसासाठी २,४०० आणि मुलांसाठी १,७०० दिलंय. रोजच्या भाषेत, माणशी ४०० ग्रॅम तांदूळ, ६० ग्रॅम डाळ, ३० ग्रॅम तेल, ४० ग्रॅम शेंगदाणे आणि २० ग्रॅम साखर धरली की २,१०० च्या आसपास पोहोचता येतं. आता नेहमीचं किट उघडा. पाच किलो तांदूळ. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो लागतात, म्हणजे हे किट अडीच दिवसांचं झालं. पंधरा दिवसांचं द्यायचं तर तांदूळच ३० किलो हवेत. वाटताना ‘हे इतक्या दिवसांचं आहे’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे घरातली बाई त्याप्रमाणे हात राखून रांधेल.

पहिले तीन दिवस सामुदायिक स्वयंपाक बरा, कारण चुली आणि सरपण दोन्ही भिजलेलं असतं. म्हाताऱ्यांसाठी मऊ भात आणि पेज, लहानग्यांसाठी नाचणीचं सत्त्व वेगळं काढा. बाळांसाठी दुधाच्या पावडरचे डबे मात्र सरसकट वाटू नका. अशुद्ध पाण्यात कालवलेली पावडर म्हणजे जुलाबाला आमंत्रण. त्याऐवजी पाजणाऱ्या आईला दोन घास जास्त आणि बसायला आडोसा द्या. ज्या बाळाला खरोखर बाहेरचं दूध लागतं, त्याचं आरोग्य केंद्रामार्फत बघा.

सामान द्यावं की पैसे? बाजार उघडा असेल तर पैसे उत्तम, घरातली गरज घरालाच नीट कळते. पण २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठच पाण्याखाली होती, तिथे पहिल्या दिवसांत नोटा घेऊन काय करणार? आणि निसर्गनंतर वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, मग एटीएम आणि यूपीआयही बंद. आधी दुकानं चालू आहेत का बघा, मग ठरवा.

सहावी पायरी : यादीत नसलेली माणसं शोधा

पंचनामा घराच्या आणि जमिनीच्या कागदावर चालतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्या कामाची ती चौकटच आहे. पण डोंगराकडेच्या कातकरीवाडीत घराखालची जमीन बहुधा दुसऱ्याच्या नावावर असते. आंबाबागेत राखणीला राहणारं नेपाळी कुटुंब, मासेमारी बोटीवरचे परप्रांतीय खलाशी, भाड्याच्या खोलीतला गवंडी, एकटी राहणारी विधवा यांची नावं ना गावकीच्या यादीत, ना मुंबई मंडळाच्या वहीत. मदतीचं माप गरज हेच आहे, कागद किंवा मानपान नव्हे. १९९४ च्या रेडक्रॉस आचारसंहितेत हे तत्त्व आहेच, आणि आपल्या कायद्याचं कलम ६१ सांगतं की मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. वाटपाची रांग देवळाच्या अंगणात लावली तर कोण येणार नाही, याचा विचार करून जागा निवडा. शाळेचं पटांगण सगळ्यांचं असतं.

त्याच आचारसंहितेत प्रसिद्धीतही माणसाचा सन्मान राखावा असं तत्त्व आहे. हातात पिशवी देताना फोटो काढू नका. देणगीदाराला हिशेब हवा असतो, तो भरलेल्या टेम्पोच्या फोटोने आणि सही-अंगठ्याच्या वहीने देता येतो.

सातवी पायरी : फलक आणि तक्रार

केंद्राच्या दारात एक फळा लावा. आज माणशी काय मिळणार, कधी, कुणाकडून, किती शिल्लक आणि तक्रार कुणाकडे करायची. तक्रार ऐकायला एक बाई आणि एक बाप्या नेमा, दोघेही वाटप समितीबाहेरचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची तक्रार तोंडी घेऊन वहीत टिपा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर द्या. मदत करणाऱ्यावर तक्रार कशी करायची, हा संकोच आपल्याकडे खोल रुजलेला आहे. तो घालवायचा तर विचारत राहावं लागतं.

माप गाठता आलं नाही तर लपवू नका. पाइपलाइन तुटली म्हणून वरच्या वाडीला १५ ऐवजी ८ लिटरच देता आलं, हे तारखेसह लिहा. पुढे काय केलं तेही लिहा. स्फिअरच्या पद्धतीत आकडा चुकण्याला हरकत नाही, पण तो का चुकला आणि त्याचा त्रास कमी करायला काय केलं हे सांगावं लागतं. हीच वही पुढे तहसीलदारांसमोर ठेवायची असते. ‘आमच्याकडे कुणी लक्ष देत नाही’ या वाक्याला उत्तर मिळत नाही. ‘१८० माणसं, तीन संडास, राष्ट्रीय तत्त्वांनुसार सहा हवेत, तीन फिरते संडास उद्यापर्यंत द्या’ या वाक्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि हे पावसाआधीच उरका

जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक फळ्यावर रंगवून घ्या. ग्रामपंचायतीकडे गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा मागा. तो असेल तर त्यात शाळेची मोजलेली जागा, वाडीवार यादी, प्रत्येक विहिरीचा व्यास आणि टीसीएलचं प्रमाण, संडास वापरू देणाऱ्या घरांची नावं जोडा. नसेल तर ग्रामसभेत विषय मांडून ठराव घ्या. मुंबईच्या मंडळाला त्याची एक प्रत द्या आणि गावातल्या एकाच माणसाचा नंबर ठरवा, ज्याच्याशी बोलल्याशिवाय ट्रक निघणार नाही. तिघांनी तरी टीसीएलचा डोस आणि ओटी टेस्ट हाताने करून बघितलेली असावी, त्यात किमान एक बाई. हे शिकवायला आरोग्य उपकेंद्रातले कर्मचारी आहेत. मे महिन्यातली एखादी सकाळ त्यांच्याकडून मागून घ्या.